फेसाळच्या जाहिरातीतला नवरा

सरांनी सोसायटीच्या फळ्यावर ती चिठ्ठी लावली नसती तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं, असं त्यांच्या बायकोचं ठाम मत आहे. सरांच्या मते दोष चिठ्ठीचा नसून वाचणाऱ्यांचा होता. जन्मभर कॉलेजात संज्ञापन शिकवलेल्या माणसाला याहून वेगळं मत परवडणारही नाही.

चिठ्ठी तशी साधी होती. 'रेडिओवरून घरी टेप केलेल्या जुन्या कॅसेट संशोधनासाठी हव्या आहेत. त्यात जाहिराती असल्यास उत्तम. काम झाल्यावर परत मिळतील.' खाली सही, आणि सहीखाली 'प्राध्यापक, संज्ञापन विभाग'. आता संज्ञापन म्हणजे काय हे सोसायटीत कुणालाच ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही हे कुणी कबूलही करत नाही. त्यामुळे प्रत्येकानं चिठ्ठीतला आपल्याला कळणारा एक शब्द उचलला. तो होता जाहिराती.

"सर, तुम्ही जाहिराती करता हे कधी बोलला नाहीत!" दुसऱ्या दिवशी फाटकावर वॉचमन म्हणाला.

"करत नाही रे. अभ्यास करतो. जुन्या जाहिरातींचा."

"म्हणजे जुन्या करता," वॉचमन म्हणाला, आणि त्यानं विषय मिटवला.

त्या दिवसापासून सोसायटीत जो कोणी पत्रकं वाटायला येई, त्याला वॉचमन सरळ सरांच्या दारात पाठवू लागला. पाण्याचे फिल्टर विकणारे आले, गाद्या विकणारे आले. तळमजल्यावरच्या शिवणक्लासवाल्या बाईंनी तर क्लासच्या पाटीसाठी दोन ओळी लिहूनच मागितल्या. सरांना नाही म्हणता येत नाही. त्यांनी अख्खी सकाळ खर्ची घालून, जाहिरातशास्त्राचे सगळे सिद्धांत आठवून ओळी लिहिल्या. बाईंनी त्या दोनदा वाचल्या आणि म्हणाल्या, "छान आहे. पण यात फोन नंबर कुठाय?"

सरांचं संशोधन होतं रेडिओवरच्या जुन्या जाहिरातींवर. या विषयाचं वेड त्यांना का लागलं, याचं उत्तर त्यांच्या लहानपणात आहे. त्यांच्या घरी रेडिओ होता, पण त्यावर भरतकाम केलेला अभ्रा असे, आणि तो बातम्यांपुरताच निघे. बातम्या संपल्या की वडील खटकन बटण फिरवत आणि अभ्रा पुन्हा घालत. रेडिओला थंडी वाजेल अशी काळजी असावी. सगळी दुनिया ज्या गाण्यांवर आणि जाहिरातींवर वाढली ती सरांनी शेजारच्या भिंतीतून ऐकली, तीसुद्धा अर्धीमुर्धी. मोठेपणी माणूस कशाचा प्राध्यापक होईल ते असं ठरतं.

तर आयुष्यभराच्या अभ्यासाचं पुस्तक तयार झालं होतं. सर पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त व्हायचे होते, आणि हे पुस्तक ही त्यांची एकुलती एक मिळकत होती. पुस्तकाचा मुकुटमणी म्हणजे शेवटचं प्रकरण, आणि त्या प्रकरणाचा नायक म्हणजे 'फेसाळ' नावाच्या कपडे धुण्याच्या पावडरच्या जाहिरातीतला नवरा. जाहिरात अशी: बायको म्हणते, "अहो, ऐकलंत का? कपड्यांचा केवढा ढीग पडलाय!" त्यावर नवरा म्हणतो, "राहू दे गं. आज मी धुतो." मग कोरस येतो, "फेसच फेस, फेसाळ! मळ गेला पाताळ!"

ज्या काळात पुरुष स्वतःच्या हातानं पाण्याचा पेला घेत नसत, त्या काळात रेडिओवर एक नवरा सांगतोय की कपडे मी धुतो! सरांच्या मते तिथून घराघरातलं वातावरण बदलायला सुरुवात झाली. या सहा शब्दांवर त्यांनी चाळीस पानं लिहिली होती. प्रकाशकानं मुखपृष्ठही करून ठेवलं होतं. त्यावर बादलीशेजारी बाह्या सरसावून उभा असलेला एक हसरा पुरुष होता.

आणि इथे विभागप्रमुख बाई आडव्या आल्या. विभागप्रमुख बाई म्हणजे सरांचीच एकेकाळची विद्यार्थिनी. पहिल्या बाकावर बसायची, प्रश्न विचारून सरांना हैराण करायची, आणि सर घरी येऊन बायकोला अभिमानानं सांगायचे की ही मुलगी पुढे जाईल. ती पुढे गेली आणि वळून सरांच्याच वाटेत उभी राहिली.

"सर, ही जाहिरात ऐकायला मिळेल?" तिनं अदबीनं विचारलं.

"कुणाकडेच नाही. पण मी स्वतः ऐकलीय."

"कधी?"

"लहानपणी."

"सर," ती अवघडून म्हणाली, "पहिल्या वर्षाचा पहिला तास. तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं, माणसाची आठवण हा पुरावा नव्हे. मी अजून तेच शिकवते."

आपल्याच हातानं धार लावलेली सुरी आपल्याच बोटाला लागली की ओरडताही येत नाही. पुस्तक विभागाच्या नावानं निघणार होतं, तेव्हा बाईंनी मार्ग काढला. महिन्याभरात कॉलेजात परिसंवाद होता. त्यात सरांनी ती जाहिरात वाजवून दाखवायची. वाजली तर मुख्य भाषण सरांचं, प्रकरण जसंच्या तसं. नाही वाजली तर शेवटचं प्रकरण गाळायचं. आणि ते गाळलं तर पुस्तकात उरणार होत्या नुसत्या तारखा आणि तक्ते, जे सरांनी स्वतःसुद्धा दुसऱ्यांदा वाचले नसते.

घरी येऊन सरांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भडकलीच.

"नाही म्हणजे काय? होतंच ते वाक्य! मी शंभर वेळा ऐकलंय. 'राहू दे गं, आज मी धुतो.' अजून कानात आहे माझ्या."

"तुझी आठवणसुद्धा पुरावा नाही," सर खिन्नपणे म्हणाले.

"तुमच्या त्या बाईला म्हणावं, आमच्या घरी येऊन धुण्याचा ढीग बघ, म्हणजे पुरावा मिळेल," असं म्हणून ती मशीन लावायला गेली.

सर आधी रेडिओ केंद्रावर गेले. तिथले संग्रहपाल अतिशय सज्जन गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला आणि मग समजावून सांगितलं की केंद्र कार्यक्रम जपून ठेवतं. जाहिरात हा कार्यक्रम नाही. जाहिरात म्हणजे दोन कार्यक्रमांच्या मधली जागा, आणि जागा कशी जपणार?

"पण ती वाजत तर इथूनच होती ना?"

"वाजत होती. पण टेप कंपनीची. वाजवून झाली की कंपनी घेऊन जायची."

म्हणून सर कंपनीत गेले. फेसाळ बनवणारी कंपनी दोनदा विकली गेली होती आणि आता भिंतींचे रंग बनवत होती. तिथल्या तरुण अधिकाऱ्यानं फेसाळ हे नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. तरीही त्यानं खालपासून वरपर्यंत चौकशी केली आणि परत येऊन सांगितलं की जाहिरात रेडिओवर लागली असेल तर ती रेडिओवाल्यांकडे असायला हवी. जाता जाता त्यानं सरांना रंगांच्या छटांचं एक सुरेख पुस्तक भेट दिलं. अशा रीतीनं सर पुराव्याऐवजी फिक्या पिवळ्याचे अठरा प्रकार घेऊन घरी आले, आणि बायको म्हणाली की नाहीतरी बैठकीची खोली रंगवायची राहिलीच आहे.

कॅसेट ऐकायला यंत्र लागतं, आणि ते आता दुकानात मिळत नाही. सरांनी जुन्या बाजारातून एक टेपरेकॉर्डर आणला. कॉलेजच्या हिशेब विभागानं त्याचं बिल परत पाठवलं. तीन दुकानांची दरपत्रकं हवीत म्हणाले. सर पुन्हा बाजारात गेले आणि भंगारवाल्याकडे दरपत्रक मागितलं. त्यानं आधी सरांकडे, मग शेजारच्या भंगारवाल्याकडे पाहिलं, आणि दोघांनी मिळून सरांना बसायला स्टूल दिलं. ऊन लागलं असावं, अशी त्यांची समजूत झाली. बिल सरांनी स्वतःच्या खिशातून भरलं.

आणि मग ती चिठ्ठी लागली.

कॅसेट मात्र खरोखरच आल्या. पिशव्या भरभरून आल्या, बुटांच्या खोक्यांतून आल्या. माणसं काहीही टाकतील, पण आपल्या हातानं टेप केलेलं गाणं टाकत नाहीत. सरांची बैठकीची खोली पाहता पाहता भरली. सोफ्यावर बसायला जागा उरली नाही, आणि बायको भाजी चिरायला आत जाऊन उभी राहू लागली.

सगळ्यात आधी आले वरच्या मजल्यावरचे बँकवाले काका. निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण चालणं अजून कॅशियरचं. त्यांनी आपलं खोकं टेबलावर ठेवलं आणि त्यावर हात ठेवून म्हणाले, "सर, या टेपा म्हणजे सोनं आहे. एकेक गाणं वेचून घेतलंय. आणि सांगतो तुम्हाला, शोधून एक जाहिरात सापडायची नाही!"

"एकही नाही?" सरांचा चेहरा पडला.

"पैज लावा! गाणं संपलं की असं बटण दाबायचो, जाहिरातीला फटीतून आत यायला वाव नाही."

हीच कथा दुसऱ्या पिशवीची आणि हीच दहाव्या खोक्याची. सरांच्या ध्यानात न आलेली गोष्ट ही होती की घरी टेप करणाऱ्या प्रत्येकाचा एकच ध्यास असे: जाहिरात येऊ द्यायची नाही. अख्ख्या पिढीनं बटणावर बोट ठेवून, श्वास रोखून, सरांचा विषय समूळ नाहीसा केला होता. आणि आता ती पिढी त्याबद्दल शाबासकी मागायला त्यांच्या दारात रांग लावून उभी होती. सरांनी सगळ्यांना शाबासकी दिली. दुसरं करणार काय?

मिळालं ते एवढंच, की बोट उशिरा पडलं त्या ठिकाणी एखादा तुकडा राहून गेला होता. कुठे नुसतं "माता-भगिनींनो," कुठे "आता खोकल्याला." एका कॅसेटमध्ये गाण्यानंतर स्पष्ट "फे" ऐकू आलं आणि सर खुर्चीतून उठून उभे राहिले. पुढे खट्ट! बटण पडलं होतं. ते "फे" त्यांनी सबंध दुपार ऐकलं. शेवटी बायको म्हणाली, "अहो, ते फेटासुद्धा असू शकेल."

त्यातच बँकवाल्या काकांच्या सर्वांत लाडक्या कॅसेटची फीत भंगारातल्या यंत्रानं गिळली. सरांनी ती पेन्सिलीनं गुंडाळली, चिकटपट्टीनं जोडली, पण आता त्या गाण्यातली गायिका एका शब्दावरून थेट पुढच्या कडव्यात उडी मारत होती. काकांनी ती ऐकली, "ठीक आहे, व्हायचंच," असं म्हणाले, आणि नंतर लिफ्टमध्ये सर दिसले की जिन्यानं जाऊ लागले. गुडघे दुखत असतानाही जात. सरांना त्याचं फार वाईट वाटे. पण माफी कशी मागणार? माफी मागायला माणूस लिफ्टमध्ये तरी यायला हवा.

शेवटचा उपाय म्हणून सरांनी शेजाऱ्यांना घरी बोलावलं आणि फेसाळची जाहिरात कुणाला आठवते का विचारलं. आठवते का? सगळ्यांनाच आठवत होती! कोरसबद्दल तर सगळ्यांनी एकदम तोंड उघडलं. बँकवाल्या काकू संथ चालीत गात होत्या, तिसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर टाळ्या वाजवत द्रुतगतीनं गात होते, आणि दोघंही एकमेकांना बेसूर म्हणत होते.

"पण नवरा?" सर मधेच ओरडले. "नवरा काय म्हणतो?"

डॉक्टरांच्या टाळ्या थांबल्या.

"नवरा कुठला?" शिवणक्लासवाल्या बाई म्हणाल्या. "नवरा नव्हताच हो त्यात. बाई बोलायची, मग टिंग्‌ असं वाजायचं, मग तो निवेदक."

"नवरा होता!" सरांची बायको चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. "तो म्हणायचा, राहू दे गं, आज मी धुतो!"

"छे हो. असा नवरा जाहिरातीतसुद्धा नसतो," बाई म्हणाल्या, आणि सगळे पुरुष चहाकडे बघू लागले.

सरांनी मनाशी म्हटलं, लोकांची आठवण म्हणजे गाळणी. आपल्याला नको तेवढं बरोबर गाळते. हाच धडा आपल्याला लागू असेल असं त्या वेळी त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

परिसंवाद चार दिवसांवर आला तेव्हा बायकोचा धाकटा भाऊ उगवला. हा मेहुणा वजनं-मापं तपासणारा सरकारी अधिकारी, आणि स्वभावानंही तसाच. लहानपणी घरी टेपरेकॉर्डर आला तेव्हा त्याचं बटण याच्या ताब्यात असे, म्हणून घरात त्याला अजून बटणमास्तर म्हणतात. ताईनं फोनवर रडगाणं गायल्यामुळे तो सुटकेसभर कॅसेट घेऊन आला होता.

"भाऊजी, सगळ्या आणल्यात," तो कुलूप उघडत म्हणाला. "तारीखवार लावलेल्या. घरात रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवायचो आणि सगळ्यांना ताकीद, कुणी खोकायचंसुद्धा नाही. ऐका, किती स्वच्छ आहे ते."

सरांनी ऐकल्या. इतक्या स्वच्छ होत्या की रडू यावं. एकाही गाण्याच्या शेपटीला एक अक्षर चिकटलेलं नव्हतं. दोन दिवस ऐकून सरांनी कानांवरचे हेडफोन काढले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "झालं. मी उद्या बाईंना कळवतो. प्रकरण गाळा म्हणून."

ते कुणावर चिडलेही नाहीत. बायकोला तेच लागलं. हा माणूस भाजीत मीठ कमी पडलं तरी दोन वाक्यं बोलतो, आणि आयुष्यभराचं काम बुडताना हेडफोनची वायर गुंडाळून ठेवतो आहे! ती भावाकडे वळली.

"अरे, एकही नाही का रे वाया गेलेली? एखादी तरी?"

बटणमास्तर कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. मग त्यानं सुटकेसच्या अस्तराच्या खिशातून एक कॅसेट काढली. तिच्यावर शाळकरी अक्षरात लिहिलं होतं, 'खराब. बाबा.'

"मी शाळेच्या शिबिराला गेलो होतो," तो म्हणाला. "तेव्हा बटण बाबांकडे होतं. बाबांचं माहितीये ना तुला, ताई? गाणं संपलं की चष्मा शोधायचे, मग बटण शोधायचे. तोवर चार जाहिराती होऊन जायच्या. आणि तोंड बंद ठेवायला तर कधी जमलंच नाही. ही कुणाला ऐकवण्यासारखी नाही, भाऊजी. पण टाकवतही नाही."

सरांनी कॅसेट घेतली. भंगारातल्या यंत्राची त्यांनी मनोमन विनवणी केली, आणि बटण दाबलं. खरखर झाली. एक गाणं संपलं. कुठेतरी खुर्ची सरकली. पुरुषाचा जाड आवाज म्हणाला, "अगं, माझा चष्मा?" आणि तेवढ्यात लागली.

"अहो, ऐकलंत का? कपड्यांचा केवढा ढीग पडलाय!" रेडिओतली बाई लांबून, पातळ आवाजात म्हणाली. टिंग्‌ असं वाजलं. आणि त्या फटीत तोच जाड आवाज, अगदी जवळून, टेपरेकॉर्डरला नाक लावल्यासारखा आला, "राहू दे गं. आज मी धुतो."

त्यावर खोलीतली एक बाई खळखळून हसली. "तुम्ही? आणि कपडे?" मग एक शाळकरी मुलगी हसली, हसत सुटली, आणि तिच्या हसण्याखाली निवेदक बिचारा म्हणत राहिला की चिंता नको ताई, फेसाळ आहे ना! कोरस आला तेव्हा बाबाही त्यात सामील झाले. ते काकूंपेक्षाही बेसूर होते. मग बटण सापडलं. खट्ट.

बटणमास्तरनं सवयीनं यंत्राचं बटण बंद केलं.

"ते बाबा होते," बायको म्हणाली. "ते बाबाच होते हो. मी समजत होते जाहिरातीतच आहे. दर वेळी म्हणायचे ना ते. दर वेळी." आणि ती पदराचं टोक तोंडाशी धरून रडायला लागली, आणि रडता रडता हसायलाही लागली. आईबाबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, आणि आत्ता आई तिथे, त्या काळ्या डबड्यातून, तशीच हसली होती.

"कधी धुतले का रे बाबांनी कपडे?" तिनं भावाला विचारलं.

"रुमालसुद्धा नाही," तो डोळे टिपत म्हणाला.

सर मात्र खुर्चीला खिळले होते. त्यांच्या डोक्यात दुसराच गुंता सुटत होता. आपल्या घरी तर रेडिओ बातम्यांपुरता लागायचा, आणि शेजारच्या भिंतीतून आली असेल त्या जाहिरातीत तर नवराच नव्हता. मग हे वाक्य आपण ऐकलं कुठे? आणि त्यांना आठवलं. लग्नानंतरचे पहिले दिवस, मोरीत कपड्यांचा ढीग, आणि नवी बायको लटक्या रागानं म्हणतेय, "फेसाळच्या जाहिरातीतला नवरा बघा कसा म्हणतो, आज मी धुतो!" ते तिनं म्हटलं होतं, एकदा नव्हे, वर्षानुवर्षं. सर दर वेळी वर्तमानपत्राआडून हसले होते, आणि हसता हसता ते वाक्य कधीतरी त्यांच्या लहानपणात जाऊन बसलं होतं. आयुष्यभर आठवणीला पुरावा मानू नका म्हणून ओरडलेल्या प्राध्यापकानं चाळीस पानं लिहिली होती ती सासऱ्यांच्या एका थट्टेवर. थट्टेचा अर्थ त्यांना कळला होता, कपडे मात्र तेवढे धुतले नव्हते.

"मी भाषण रद्द करतो," सर म्हणाले. "बाबांचा आवाज चारचौघांत लावून हसं कशाला करायचं?"

बायकोनं डोळे पुसले. "लावा," ती म्हणाली. "बाबांना ऐकायला माणसं लागायचीच. घरात आम्ही तिघंच होतो म्हणून भागवलं त्यांनी."

परिसंवादाला सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं, कारण वॉचमननं सोसायटीत सांगितलं होतं की सरांच्या जाहिरातीचं उद्घाटन आहे. बँकवाले काकाही आले होते, मागच्या खुर्चीत, रागावलेले पण आलेले. सरांनी मोठमोठी वाक्यं लिहून आणली होती, ती खिशातच राहिली. त्यांनी जे झालं ते सांगितलं. जाहिरात आहे, नवरा नाही, आणि मी चुकलो. मग त्यांनी कॅसेट लावली.

"तुम्ही? आणि कपडे?" इथे अख्खं सभागृह त्या बाईबरोबर हसलं. विभागप्रमुख बाईसुद्धा हसल्या, आणि मग एकदम हसायच्या थांबून पुढे वाकल्या.

"सर," टेप संपल्यावर त्यांनी विचारलं, अगदी पहिल्या बाकावरच्या मुलीसारखं, "म्हणजे जाहिरातीत जे नव्हतं ते या गृहस्थांनी घातलं?"

"हो. आणि असं घरातलं बोलणं बाकी कुठेच टिकलं नाही. कारण आपण सगळ्यांनी," सरांनी सभागृहाकडे पाहिलं, "वेळेवर बटण दाबलं. बोलणाऱ्या माणसाची टेप तेवढी आपण खराब म्हणून बाजूला टाकली. मी रेडिओ काय बोलला याचा अभ्यास करत बसलो. रेडिओला घरातून उत्तर काय गेलं, हे मी कधी विचारलंच नाही."

बाई म्हणाल्या, "प्रकरण गाळायचं नाही, सर. पुन्हा लिहायचं." बाहेर पडताना बँकवाले काका सरांपाशी थांबले आणि खाकरून म्हणाले, "माझ्याकडेही एक खराब आहे. आमची ही मधेच गाते त्यात. आणून देईन." आणि लिफ्टच्या रांगेत ते सरांच्या शेजारी उभे राहिले.

सर घरी आले तेव्हा न्हाणीघराच्या दाराशी डोंगर उभा होता. पाहुणा, परिसंवाद आणि कॅसेटच्या नादात आठवडाभर कुणी मशीन लावलंच नव्हतं. बायको पदर खोचून निघाली.

"राहू दे गं," सर म्हणाले. "आज मी धुतो."

ती वळली. आणि खळखळून हसली. "तुम्ही? आणि कपडे?"

सरांनी बाह्या सरसावल्या, मुखपृष्ठावरच्या माणसासारख्या, आणि कपडे उचलून मशीनपाशी गेले. मशीनवर बटणंच बटणं होती. "अगं, माझा चष्मा?" आतून आवाज आला.

चष्मा तिच्या हाताशीच, टेबलावर होता. तो आत नेऊन देणं आणि कुठलं बटण ते सांगणं, दोन्ही अगदी सोपं होतं. पण ती तिथेच खुर्चीवर बसून राहिली आणि त्यांची शोधाशोध ऐकत राहिली. बटण सापडायला त्यांना बराच वेळ लागला. तिला काही घाई नव्हती.